ट्रेकची सुरी काकडीवर पारखा

राजगडावर पद्मावती माचीवर बसल्यावर माझ्या भाच्याने सॅकमधून नवी सुरी काढली आणि गटातल्या सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. काळं पातं, पाठीवर करवतीचे दात, मुठीला हिरवी दोरी गुंडाळलेली, जाडी पाच मिलिमीटर. खाली गुंजवण्यात एका मावशींकडून काकड्या घेतल्या होत्या. त्याने पहिल्या काकडीवर सुरी ठेवली आणि दाबली. काकडी कापली गेली नाही. कट् असा आवाज करून फुटली. चकती तिरकी निघाली आणि उरलेला तुकडा उडून मातीत पडला. दुसरीचं तेच. शेवटी आमच्यातल्या एका काकूंनी डब्याच्या पिशवीतून पिवळ्या मुठीची भाजीची सुरी काढली आणि दोन मिनिटांत ताट भरलं.

उतरताना भाचा गप्प होता. गुंजवण्यात चहा घेताना म्हणाला, "मामा, धार तर होती की तिला. घरी कागद सर्रकन कापत होती."

धार होतीच. अडलं होतं ते धारेच्या मागे. पुण्याजवळच्या भोसरीतल्या टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्यांची हत्यारं-साचे बनवणाऱ्या विभागात, माझी वीसेक वर्षं पोलाद कापण्या-घासण्यात गेली आणि ट्रेक त्याहून जुने आहेत. तेव्हा दोन्हीकडचं थोडं थोडं एकत्र करून हा विषय मांडतो. सुरी म्हणजे इथे घडी न होणारी, म्यानात राहणारी, तळहाताएवढी छोटी सुरी. ऑनलाइन दुकानांत तिला फिक्स्ड ब्लेड म्हणतात.

घडीचा चाकू खिशात चांगला मावतो, हे मान्य. पण त्याला सांधा असतो आणि त्या सांध्यात कांद्याचा रस, जुलैतला चिखल, चिक्कीचा गूळ सगळं जाऊन बसतं. लॉक नसेल तर टोकावर दाब आला की पातं बोटांवर मिटतं. फ्रान्सच्या ओपिनेल चाकूला १९५५ मध्ये गळ्याशी फिरणारी कडी बसवली गेली ती यासाठीच. तो चाकू माझ्याकडेही आहे, लाडका आहे, पण पावसात त्याची लाकडी मूठ फुगते आणि पातं उघडता उघडत नाही. न मिटणाऱ्या सुरीत ही भानगडच नाही. नळाखाली धरली, पुसली, म्यानात घातली, झालं.

आता जरा आठवून बघा, गेल्या पाच ट्रेकमध्ये तुम्ही नक्की काय कापलंत? माझी यादी अशी: काकडी, कांदा, लिंबू, फरसाणाची पाकिटं, चिकटपट्टी, एकदा सॅकचा निघालेला पट्टा, आणि कितीतरी वेळा बुटासाठी नायलॉनची दोरी. बुटाचा सोल उचकटणं हा सह्याद्रीतला सर्वांत नेमाने होणारा अपघात आहे. दर पावसाळ्यात गटातल्या कुणा ना कुणाचा बूट जबडा उघडतोच. झाड मी कधी तोडलेलं नाही, ओंडका कधी फोडलेला नाही.

सुरीच्या पाठीवर दांडक्याने हाणून ओंडका चिरण्याचे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. थंड मुलखात त्याला अर्थ आहे, कारण तिथे ओल्या ओंडक्याच्या गाभ्यातलं कोरडं लाकूड काढून शेकोटी पेटली नाही तर रात्र जड जाते. आपल्याकडे राखीव जंगलात जाळ करायला मुळात बंदी आहे. शिवाय डिसेंबरनंतर वाळलेल्या गवतावर एक ठिणगी पडली की डोंगरच्या डोंगर वणव्यात जातात. म्हणजे जाड पात्याचं पहिलं कारणच आपल्याकडे लागू होत नाही. पाठीवरचे करवतीचे दात तर फक्त फोटोत काम करतात. लाकूड कापायचं असेल तर घडीची छोटी करवत मिळते, ती घ्या.

धार वेगळी, कापणं वेगळं

सुरी म्हणजे एक पाचर. धार फक्त वाट उघडून देते, पुढे त्या वाटेने अख्खं पातं आत जावं लागतं. कागदाला जाडी नसते, त्यामुळे कागदावर नुसती धार कळते. काकडी, गाजर, कैरी यांना जाडी आहे आणि ताठपणाही आहे. धार आत शिरली की मागून येणारं पोलाद दोन्ही बाजूंना रेटा देतं. पातं पातळ असेल तर फोड अलगद बाजूला होते. जाड असेल तर धार पोहोचायच्या आधीच काकडी पुढे तडकते. माचीवरचा कट् आवाज तोच.

आजीची विळी आठवा. पाठीला चांगली जाड, कारण खोबरं खवताना, भोपळा फोडताना तिच्यावर वजन पडायचं. पण धारेकडे येता येता ती पातळ होत गेलेली. वर्षानुवर्षं घासून घासून पोट आत गेलेली विळी नव्या विळीपेक्षा चांगली चिरते, हे घरातल्या बायकांना ठाऊक असायचं.

जाडीचे दोन आकडे असतात. एक पाठीचा, जो जाहिरातीत मोठ्या अक्षरांत येतो. दुसरा धारेचा उतार जिथे सुरू होतो तिथला, म्हणजे धारेच्या अगदी मागचा. हा बहुतेक ठिकाणी छापलेलाच नसतो आणि सगळं काम तोच ठरवतो. तो अर्ध्या मिलिमीटरच्या आत असेल तर सुरी भाजी, दोरी, पुठ्ठा सगळं नीट कापते. पाऊण मिलिमीटरपुढे गेला की रेटावं लागतं. भाच्याच्या सुरीला नंतर घरी व्हर्नियर, म्हणजे जाडी मोजायची पट्टी, लावला. १.१ मिलिमीटर. तिला कितीही धार लावली असती तरी ती काकडी फोडतच राहिली असती.

दुकानात व्हर्नियर कोण नेतो? त्याऐवजी पाठीवर अंगठा-तर्जनीची चिमूट धरा आणि ती हळूच धारेच्या दिशेने सरकवा. धारेच्या बऱ्याच अलीकडे थांबा, नाहीतर परीक्षा तुमचीच होईल. बोटं सतत जवळ येत गेली पाहिजेत. बराच वेळ एकाच अंतरावर राहून शेवटी एकदम जवळ आली, तर ते पातं म्हणजे कडेला घासलेली पट्टी.

पातं घासण्याच्या या तऱ्हांना नावं आहेत. पाठीपासून धारेपर्यंत सलग उतार असेल तर फुल फ्लॅट. उतार धारेजवळच, एकच आणि रुंद असेल तर स्कँडी. वस्तऱ्यासारखा दोन्ही बाजूंनी खोलगट असेल तर होलो. स्कँडीला लाकूड तासायला तोड नाही आणि शिकाऊ माणसाला धार लावायलाही ती सोपी, कारण रुंद उतार दगडावर आपोआप टेकतो. पण कांद्यात तिचा खांदा अडतो. होलो सुरेख कापते, पण तिची धार नाजूक असते. एकच घ्यायची तर फुल फ्लॅट घ्या. पाठ २ ते २.५ मिलिमीटर, फार तर ३. स्वीडनच्या मोरा गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सुऱ्यांपैकी कंपॅनियन ही सर्वांत साधी. तिचं पातं २.५ मिलिमीटर जाड आणि १०४ मिलिमीटर लांब आहे. तिच्यावर जन्म काढलेले सुतार सापडतील. पाच मिलिमीटरची गरज कुणाला असते ते मला अजून कळलेलं नाही.

लांबी आपल्या हातावरच मोजा. चार बोटं जोडून जेवढी रुंदी होते तेवढं पातं पुरतं, म्हणजे सात ते नऊ सेंटिमीटर. याहून लहान असेल तर टोमॅटो एका घावात कापला जात नाही, मोठं असेल तर सॅकच्या वरच्या खणात मावत नाही. टोक फार अणकुचीदार नको. पाठीकडून हलकेच खाली उतरलेलं असावं. अर्धी धार सरळ आणि अर्धी दातेरी अशी सुरी मात्र घेऊ नका. दातेरी भागाला साध्या दगडावर धार लावता येत नाही आणि उरलेली सरळ धार कामाला अपुरी पडते.

पोलादाच्या नावांचा बाजार

लोक सुरुवात पोलादापासून करतात. मी मुद्दाम नंतर घेतोय, कारण मधल्या प्रतीच्या पोलादाची पातळ सुरी ही भारी पोलादाच्या जाड सुरीपेक्षा नेहमीच बरी.

दोन गोष्टी लक्षात ठेवल्या तरी पुरे: कार्बन आणि क्रोमियम. कार्बनमुळे पोलादाला पाणी चढतं, म्हणजे ते कडक होतं. क्रोमियममुळे गंज दूर राहतो. ते साधारण साडेदहा टक्क्यांच्या वर असलं की त्या पोलादाला स्टेनलेस म्हणतात. १०९५ नावाचं साधं कार्बन पोलाद घ्या. त्यात जवळपास एक टक्का कार्बन आणि क्रोमियम नाहीच. धार झकास लागते, पण कैरी कापली की पाच मिनिटांत काळं. विळी काळी पडायची तशीच. तो काळा थर वाईट नाही, पुढच्या गंजाला तो थोडा अडवतो. पण ताम्हिणीच्या पावसात ओल्या सॅकमध्ये ही सुरी दोन दिवस विसरलात तर नारिंगी होऊन बाहेर येते.

स्वीडनचं १२सी२७ हे सुऱ्यांसाठीचं जुनं, भरवशाचं स्टेनलेस. कार्बन ०.६ टक्के, क्रोमियम साडेतेरा. धार पटकन लागते, गंजाची फार काळजी नाही. सह्याद्रीसाठी मी हेच किंवा याच्या जवळपासचं घेईन.

डी२ हे नाव सध्या स्वस्त सुऱ्यांवर सर्रास दिसतं. भोसरी-चाकणच्या प्रेस टूलवाल्यांना हे नवं नाही. शॉपमध्ये आम्ही याला एचसीएचसीआर, म्हणजे हाय कार्बन हाय क्रोमियम, म्हणतो. पत्र्यातून लाखो तुकडे पाडणारे पंच आणि डाय या जातीच्या पोलादाचे असतात. दीड टक्का कार्बन, बारा टक्के क्रोमियम. मग हे स्टेनलेस का नाही? कारण त्यातलं बरंचसं क्रोमियम कार्बनशी बांधलं जाऊन कार्बाइडच्या कणांमध्ये अडकून पडतं, गंज रोखायला मोकळं राहत नाही. त्या कणांमुळे धार फार दिवस टिकते आणि त्याच कणांमुळे धार गेल्यावर साध्या दगडावर घाम निघतो. पावसाळ्यात ठिपके पडतात ते वेगळे. पुठ्ठ्याचे खोके रोज फोडणाऱ्याने डी२ जरूर घ्यावं.

आणि कुठलंही पोलाद असलं तरी त्याला पाणी नीट दिलेलं नसेल तर नाव निव्वळ कोरीवकाम. आमच्याकडे हे तपासायला रॉकवेलचं यंत्र असायचं. हिऱ्याचा बारीक शंकू दीडशे किलोच्या भाराने पोलादावर दाबायचा आणि तो किती आत गेला त्यावरून कडकपणाचा आकडा वाचायचा. छोट्या सुरीला साधारण ५६ ते ५९ रॉकवेल ठीक. त्याच्या बऱ्याच खाली गेलं की धार वळते, बरंच वर गेलं की कपची उडते. एका सुरीवर ६० लिहिलेलं होतं, यंत्रावर आली ५२. ती सुरी लोण्याला चालली असती.

गावाकडच्या लोहाराकडून सुरी करून घ्यायची हौस असेल तर जरूर घ्या, पण साध्या कार्बन पोलादाची. ट्रकच्या कमानीच्या पाट्यातून केलेले कोयते पिढ्यान् पिढ्या चालत आलेत. साधं कार्बन पोलाद भट्टीत लाल झालं की ७७० अंशांच्या आसपास त्याला लोहचुंबक चिकटेनासा होतो. त्याच्या थोडं वर नेऊन तेलात बुडवायचं आणि मग पुन्हा दोनशे अंशांवर शेकून त्याचा ठिसूळपणा काढायचा. अनुभवी लोहार हे रंगावर ओळखतो. स्टेनलेसला मात्र हजार अंशांच्या वर नेमकं तापमान धरून ठेवावं लागतं, ते कोळशाच्या भट्टीवर जमत नाही. लोहाराला एकच गोष्ट निक्षून सांगा: "दादा, कोयत्यासारखी नको, पातळ करा." ऐकणार नाहीत, तरी सांगा.

पाण्याच्या लहरींसारखी नक्षी असलेल्या दमास्कस सुऱ्यांबद्दल भाच्याने विचारलं होतंच. जुन्या काळी दक्षिण भारतात मुशीत बनणारं पोलाद पश्चिम आशियात जात असे आणि त्याच्या तलवारींवर तशी नक्षी उमटत असे, हे खरं आहे. आज ऑनलाइन मिळतं ते दोन पोलादांचे थर घडवून ॲसिडने नक्षी उठवलेलं असतं. काही वेळा थरही नसतात, नुसती वर उमटवलेली नक्षी. दिसायला छान. पोलाद कुठलं, पाणी कसं दिलंय, याचा त्या लहरींवरून पत्ता लागत नाही.

मूठ आणि म्यान

मुठीबद्दल फार बोलायला नको, हातात धरूनच ठरवायची ती गोष्ट. फक्त ओल्या हाताने धरून बघा. दुकानदाराकडून पाणी मागायला लाजू नका. छोट्या सुऱ्यांना वजन वाचवायला तीन बोटांची मूठ देतात. करंगळी बाहेर राहिली की जोर लावताना मनगट डुलतं. पात्याशी बोट अडेल असा थोडा उंचवटा हवा, नाहीतर ओला हात पुढे सरकून थेट धारेवर जातो. दोरी गुंडाळलेली मूठ काकडीचं पाणी पिते आणि आठवड्यात वास मारते. पात्याचं पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं असावं असं सगळे सांगतात. मजबुतीला ते चांगलंच, पण आमच्या यादीतल्या कामांना अनिवार्य नाही. वर सांगितलेल्या कंपॅनियनचं पोलाद मुठीच्या टोकापर्यंत जात नाही आणि तिचं काही अडत नाही.

म्यान मात्र सुरीइतकंच महत्त्वाचं, आणि इथे मी स्वतः फसलोय. एका सुरीचं चामड्याचं म्यान पावसात भिजून सैल पडलं. हरिश्चंद्रगडाच्या वाटेवर सॅक एका खडकावरून खाली सोडली, आत सुरी म्यानातून अर्धी बाहेर आली आणि सॅकचं अस्तर, झोपायची मॅट आणि पाण्याची पिशवी अशा तिन्ही गोष्टी तिने एका रेषेत कापल्या. पाणी गेलंच, धान्याची पिशवी भिजून पोह्यांचा लगदा झाला तो वेगळा. त्याच जागी माझी पाठ असू शकली असती. तेव्हापासून चामडं बंद. ते ओल धरून ठेवतं आणि चामडं कमावताना वापरलेल्या क्षारांमुळे पोलादाला डाग पडतात. कायडेक्स किंवा साध्या कडक प्लास्टिकचं म्यान घ्या, तळाला पाणी निघायला भोक असलेलं. परीक्षा सोपी: सुरी म्यानात घालून उलटी धरा आणि गादीवर जोरजोरात झटका. हलली तर परत करा.

गळ्यात लटकवायच्या सुऱ्याही मिळतात. कातळ चढताना गळ्यातली दोरी कशात अडकली तर काय, एवढाच प्रश्न विचारतो आणि पुढे जातो.

दोरावर चढ-उतर करणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगायलाच हवी. ताणलेला दोर कापायला जोर लागत नाही, नुसता धारेचा स्पर्श पुरतो. ज्यावर माणूस लटकलाय तो दोर सुरीने सैल करायचा विचारही करू नये. तिथे पट्टीत किंवा कपड्यात अडकलेलं काहीतरी सोडवायचंच असेल तर बोथट टोकाची, वापरायच्या क्षणापर्यंत बंद राहणारी छोटी सुरी लागते, आणि ती वापरायला शिकवणारा माणूसही.

सापासाठी सुरी बाळगणारेही भेटतात. चावलेल्या जागी चिरा मारून विष काढायचं, हे डोक्यातून काढून टाका. त्याने विष निघत नाही, रक्त मात्र जातं. आणि घोणस किंवा फुरसं चावलेलं असेल तर रक्त गोठणं आधीच बिघडत चाललेलं असतं. माणसाला शांत ठेवायचं, पाय हलू द्यायचा नाही आणि प्रतिविष असलेलं रुग्णालय गाठायचं. सॅकमध्ये बोथट टोकाची कात्री असेल तर पँट-मोजा कापायला ती सुरीपेक्षा शतपटीने बरी.

रोज बाळगायची का?

भाच्याचा खरा बेत रोज कमरेला सुरी लावून ऑफिसला जायचा होता. इथे मी मामा म्हणून आडवा आलो.

शस्त्र नियम, २०१६ नुसार नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची सुरी शस्त्रांच्या यादीत येते. घरगुती, शेतीच्या किंवा कारखान्याच्या कामासाठी बनवलेल्या वस्तू त्यातून वगळलेल्या आहेत. आपली आठ सेंटिमीटरची सुरी त्या मापाच्या पुष्कळ आत आहे. बरेच जण इथेच थांबतात आणि निर्धास्त होतात. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चं कलम ३७ वेगळंच आहे. त्याखाली शहरात पोलीस आयुक्त आणि ग्रामीण भागात जिल्हा दंडाधिकारी ठरावीक काळासाठी शस्त्रं, सुऱ्या, काठ्या किंवा इजा करता येईल अशी कुठलीही वस्तू बाळगायला मनाई करू शकतात. त्यात नऊ इंचांची सवलत नाही. निवडणुका, सण, मोर्चे यांच्या आगेमागे असे आदेश निघतात. आणि ज्या शहराने कोयता गँग हा शब्द वर्षानुवर्षं पहिल्या पानावर वाचलाय, तिथल्या नाकाबंदीवर कमरेला काळी सुरी दिसली तर हवालदारसाहेब तुमच्याशी पोलादाच्या ग्रेडवर चर्चा करणार नाहीत.

ट्रेकर्सना सहसा माहीत नसलेला नियम पुढे आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ चं कलम ३१ सांगतं की लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र घेऊन जायचं नाही, आणि त्याच कायद्यातल्या शस्त्राच्या व्याख्येत सुऱ्यांचा नावानिशी उल्लेख आहे. माप दिलेलं नाही. भीमाशंकर हे अभयारण्य आहे. कळसूबाई-हरिश्चंद्रगडही. म्हणजे वरचा माझा पोह्यांचा किस्सा घडला तेव्हा मी कुठे उभा होतो हे मला फार नंतर कळलं. आता अभयारण्यात जाताना काकड्या घरूनच चिरून डब्यात नेतो, आणि पाकिटं उघडायला दात आहेत. वनखात्याच्या चौकीवर विचारून घेतलं तर उत्तर मिळतं. न विचारता सॅक उघडायला लागली तर अडचण होते.

राजगड-तोरण्याच्या दिवशीही सुरी सॅकच्या आत, डब्याच्या पिशवीत ठेवा, पट्ट्याला नको. लोहगाव विमानतळावर हातातल्या बॅगेत चालत नाही, चेक-इन करायच्या बॅगेत गुंडाळून द्या. रोजच्या ऑफिसला खरंच काहीतरी लागत असेल तर किल्ल्यांच्या जुडग्याला अडकवायचा ५८ मिलिमीटरचा स्विस चाकू घ्या. कात्री, नखं घासायची कानस आणि बोटभर पातं. तो बघून कुणी दचकत नाही. उलट अख्खा मजला तो मागायला येतो.

धार ठेवणं

नवी धार महिनाभर पुरते, पुढे तुमची. रविवार पेठेत बोहरी आळीत दोन बाजूंचा दगड मिळतो, एक बाजू जाडी-भरडी, एक बारीक. ओल्या बारीक बाजूवर पातं आधी आडवं ठेवा, मग पाठ थोडी उचला. आठ सेंटिमीटरच्या सुरीची पाठ साधारण करंगळीच्या अर्ध्या जाडीइतकी उचलली की पंधरा-वीस अंश होतात. मुठीपासून टोकापर्यंत एकसारख्या दाबाने सरकवा. थोड्या वेळाने दुसऱ्या बाजूने अंगठ्याला बारीक खरखर लागते. शॉपमध्ये तिला बर म्हणतात. ती पूर्ण लांबीभर आली की बाजू बदला. दोन्हीकडे झालं की दाब कमी करत करत बर काढा आणि शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर, पाठ पुढे ठेवून, दहा-बारा वेळा ओढा. पहिल्यांदा तासभर जाईल आणि वाईट होईल. तिसऱ्यांदा जमतं.

सायकलवर चाक लावून फिरणाऱ्या धारवाल्याकडे घरची विळी बिनधास्त द्या, पण ही सुरी देताना पाणी लावत लावत हलक्या हाताने घासायला सांगा. सुक्या चाकावर पातळ धार क्षणात तापते. पोलादावर निळी झाक दिसली की तेवढ्या भागाचं पाणी उतरलं असं समजा. मग तिथे धार लागते, टिकत नाही.

ट्रेकहून आल्यावर धुवा, कोरडी करा, कार्बन पोलाद असेल तर खोबरेल तेलाचं बोट फिरवा. सूर्यफूल-करडईचं तेल नको, त्याचा चिकट थर बसतो. आणि म्यानात घालून ठेवू नका. वेगळी ठेवा.

वापरताना मांडीवर ठेवून काही कापायचं नाही. मांडीच्या आतल्या बाजूने मोठी धमनी जाते आणि गडावर रुग्णवाहिका येत नाही. कोपरं गुडघ्यावर टेकवून, हात अंगापासून पुढे. दुसऱ्याला देताना खाली ठेवा, त्याला उचलू द्या. आजी मिरची कुणाच्या हातात देत नसे, खाली ठेवायची. सुरीला तोच नियम.

भाच्याने शेवटी काय घेतलं? काकूंच्या सुरीसारखीच, आठ सेंटिमीटरच्या स्टेनलेस पात्याची भाजीची सुरी. वजन वीस-पंचवीस ग्रॅम. तिला म्यान नसतं, म्हणून आम्ही प्लंबिंगच्या पीव्हीसी पाइपचा तुकडा गॅलरीत हीट गनने मऊ केला, दोन फळ्यांमध्ये दाबून चपटा केला, आत पुठ्ठ्यात गुंडाळलेलं पातं ठेवून त्याच्यावर बसवला आणि तळाला भोक पाडलं. पहिला तुकडा जास्त तापून तपकिरी झाला, घाण वास सुटला, तो फेकला. दुसरा बसला. उलटा धरून झटकल्यावरही सुरी हलत नाही.

ती काळी सुरी बहिणीने स्वयंपाकघरात घेतली आहे. पाच मिलिमीटरच्या पाठीने नारळ एका फटक्यात फुटतो म्हणते.